फोनवर आधी तोच बोलला

आमच्या भिसेगावच्या घरात तो माणूस कधी आला नाही, पण होता घरातलाच. रविवारी सकाळी टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करायचा. कोडी घालायचा, कविता म्हणायला लावायचा. एखादं पोर अडखळलं की त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "घाबरायचं नाही, मी आहे ना!" आमच्याकडे दाढ काढायला जातानासुद्धा हेच म्हणायचे सगळे.

माझ्या नणंदेची मुलगी लहानपणी त्या कार्यक्रमात गेली होती. बक्षीस घेऊन आली, पण त्यानंतर तिने कविता म्हणून कधी म्हटली नाही. कार्यक्रम लागला की ही उठून मोरीत भांडी घासायला. पाहुणे म्हणायचे, पोर काय कामसू आहे हो! वन्सं खूश.

अलीकडेच तो वारला. चॅनेलने दिवसभर त्याचंच दाखवलं. डोळे मीही पुसले, खोटं कशाला सांगू? मग काही महिन्यांनी दोन-तीन बायका बोलल्या. आता केस पिकायला लागलेल्या. लहानपणी मेकअपच्या खोलीत त्याने काय केलं, ते त्यांनी सांगितलं. चॅनेल आधी गप्पच. मग म्हणे, ते आज हयात नाहीत, त्यामुळे बोलणं उचित नाही. अहो, हयात नाहीत म्हणून दिवसभर रडताना बरं उचित होतं! मग मोबाइलवरचे त्याचे जुने कार्यक्रम गुपचूप नाहीसे झाले. शेवटी बातम्यांच्या खाली एक पट्टी सरकायला लागली, कुणाला काही सांगायचं असेल तर या नंबरवर फोन करा.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "मेलेल्या मानसाचं काय उकरतात गं? त्यो काय आता बोलाया येनार हाय?"

"तो नाही ना येणार, मग ह्यांना तरी बोलू दे," मी म्हटलं.

वन्संच्या माघारी भाचीला माहेर आमचंच. साजगावला कारखान्याच्या ऑफिसात असते. एका शनिवारी आली तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. तीही परात ओढून बसली. बराच वेळ सोललं आणि मान खालीच ठेवून म्हणाली, "मामी, त्या बायका खोटं बोलत नाहीयेत."

मी हातातला वाल परातीत ठेवला. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आईला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाबद्दल असं बोलू नये."

मी म्हटलं, "बाय, आता काय करूया?"

"चॅनेलवाल्यांपैकी कुणीतरी एकदा ऐकून घ्यावं. बाकी काही नको मला."

तिने नंबर लावला, स्पीकर सुरू करून फोन परातीशेजारी ठेवला. हात पदराला पुसले. घंटा वाजली, मग कार्यक्रमाची ती जुनी धून लागली आणि तोच बोलला. तसाच, हसत. "थोडं थांबा हं, कुठे जाऊ नका. मी आहे ना!"

फोनवर थांबवून ठेवताना वाजायचा तो आवाज बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तिने फोन बंद केला. परातीतले वाल सोलत राहिली, सालं सोललेल्या डाळिंब्यांत पडली तरी तिला कळेना.

सोमवारी मी लावला. त्याचं सगळं ऐकून घेतलं, दात आवळून. मग एक मुलगी आली. "बोला आजी, काय सांगायचंय?"

"आधी त्याला फोनवरून काढा."

"कुणाला?"

मी सांगितलं. ती हळूच म्हणाली, "आजी, आम्हाला इथे आत ते ऐकू येत नाही हो. बाहेरच्यांनाच येतं. मी वर सांगते."

पोर चांगली होती. तिने सांगितलंही असेल. मी अधूनमधून नंबर फिरवून बघायचे, तर एकदा नुसती घंटाच वाजली. लगेच भाचीला कळवलं. म्हटलं, "काढला गं त्याला. आता लावूया?"

"नको मामी. एकदाच जमलं होतं तेवढं."

परवा ती आली होती. जेवणं आटोपली, भांडीही झाली, आम्ही बातम्या लावून बसलो. चॅनेलचे कुणी साहेब सांगत होते, आम्ही फोन नंबर दिला होता, पण फारसं कुणी पुढे आलं नाही, तेव्हा आमच्या बाजूने हा विषय संपला.

भाची उठली. मोरीत घासायचं एकही भांडं नव्हतं. तिने पालथी घातलेली, निथळत असलेली पातेली परत घेतली आणि घासायला बसली.

मी टीव्ही बंद केला. तिच्याशेजारी पाट घेतला आणि ती घाशील ते एकेक विसळत गेले.