नितळ झालेली खण

पिराजी गवळी माणसांना अरे-तुरे करायचा आणि म्हशीला अहो-जाहो. संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर गिऱ्हाईक पेला धरून उभं असायचं, धार थेट पेल्यात. चंद्री म्हशीनं पान्हा चोरला, की पिराजी गिऱ्हाइकालाच दटावायचा, "पावण्या, जरा हसून बघ की तिच्याकडं! फौजदारागत काय उभारलाईस?"

त्याची बायको शेवंताबाई म्हणायची, "फुडच्या जल्माला म्हैसच हुणार मी. निदान पाठ तरी चोळशीला."

१९९९च्या मे महिन्यात, कळंबा तळ्याच्या पलीकडं दगड काढून काढून पडलेल्या जुन्या खणीचं पाणी हिरवं झालं. आधी काठाला साय धरली, मग रंगाचा डबा ओतावा तसं सगळंच हिरवं. चंद्री काठाशी गेली, फुरफुरली आणि मागं फिरली. दोन दिवस तिनं त्यात पाय घातला नाही. घरी नळ दिवसाआड. उन्हानं तिची पाठ तडकायला लागली.

"मोरचूद फिरीव की," शेजारचा बाळासो म्हणाला. त्याचा पानमळा होता; जगातल्या सगळ्या रोगांवर त्याच्याकडं तेवढं एकच औषध. "पानाचा रोग जातोय, तर शेवाळाचं काय घिऊन बसलाईस?"

पिराजीनं मोरचुदाचे निळे खडे पोत्यात बांधले आणि पोतं दोरीनं खणभर ओढलं. तिसऱ्या सकाळी पाणी असं नितळ, की तळातले दगड मोजावेत. "उतरा, सरकार," तो म्हणाला. चंद्री उतरली, डुंबली, पोटभर प्याली. पिराजी काठावर विडी ओढत स्वतःवरच खूश होता. एकही बेडूक उडी मारत नव्हता. काठाला बगळा नव्हता. त्याला ते जाणवलं, पण विडी चांगली लागली होती.

दुपारी गोठ्यात चंद्री थरथरू लागली. बसली, ती उठेना.

जनावरांचे डॉक्टर वृषभ आले. तिच्या डोळ्याची पापणी उलटून त्यांनी बघितलं, आतून पांढरीफटक. "पाण्यात काय टाकलंस?"

"मोरचूद. पर शेवाळ मेलं की, डाक्टर!"

"तिथंच घात झाला. ते शेवाळच विषारी. जितं होतं तवर विष त्याच्या पोटात होतं. मेलं, फुटलं, सगळं पाण्यात उतरलं. आता त्याला रंग न्हाय, वास न्हाय. म्हणून तर ती प्याली." डॉक्टर पिशवी आवरत म्हणाले, "समुद्रात बी असलं शेवाळ येतं. मासे ते खात्यात, ते मासे डॉल्फिन खातो. माशात विष हाय, हे त्याला कळणार कसं? मरून किनाऱ्याला लागतो. तो बी म्हशीगत पिलाला दूध पाजणारा प्राणी."

"तिथं मोरचूद कुणी टाकलं?"

"कुणी न्हाय. तिथं ते विष आपसूक पोचतं."

पिराजी चंद्रीशेजारी बसला. मग हळूच म्हणाला, "औषध?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. "अजून आठ-दहा दिवस तरी त्या पाण्याला कुणी जनावर लावू नका."

आणि पिराजीला आपलीच दवंडी आठवली. सकाळपासून त्यानं कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, भेटेल त्याला सांगितलं होतं: खण नितळ केलीया, आण म्हशी!

चंद्रीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. शेवंताबाईनं ते अलगद आपल्या मांडीवर घेतलं. "जावा तुमी. मी हाय हितं."

तो फटफटीवरनं खणीपाशी पोचला, तेव्हा बाळासोच्या सात म्हशी उतारावर आल्या होत्या. पिराजी वाटेत हात पसरून उभा राहिला.

"सर की बाजूला!" बाळासो हसला. "तुझी पिऊन गेली, आमच्यांनीच पिऊ न्हाई व्हय?"

"इख हाय त्यात, बाळासो! चंद्री चालली माझी!"

"आरं, तळ दिसतोय की लख्ख! ह्यात कसलं इख?"

म्हशींना समोर पाणी दिसलं होतं. त्यांनी पाय उचलले. त्या सात होत्या, आणि उतार पाण्याकडंच होता.