बाहेर बसणारे भाऊ

आमचे घरमालक भाऊ यांनी सानपाड्यातल्या निम्म्या लोकांची आजारपणं काढली असतील, पण एकाही आजारी माणसाचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. कुणाला ॲडमिट केलं की भाऊ सगळ्यांच्या आधी हजर. रक्ताची सोय, औषधांची रांग, घरून डबा, रडणाऱ्या नातेवाइकांना चहा, सगळं त्यांच्याकडे. फक्त वॉर्डच्या दारापाशी आले की पाय थांबायचे. "मी हाय बाहेर," म्हणायचे आणि बाकड्यावर बसून राहायचे. गावातले लोक त्यांना 'बाहेरचे भाऊ' म्हणत, आणि त्यांना त्याचा जराही राग नव्हता.

एकदा सुरण चिरताना माझा अंगठा कापला. भाऊ समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायचे. मी ओरडल्याबरोबर कापूस, पट्टी, हळद घेऊन धावत आले आणि छताच्या पंख्याकडे बघत बघत त्यांनी पट्टी बांधली. बांधून झाल्यावर पाहते तर शेजारचं बोटही अंगठ्याबरोबर गुंडाळलेलं. मी हसायला लागले तेव्हा म्हणाले, त्यालाही जरा आराम. असा माणूस घरमालक म्हणून मिळायला नशीब लागतं, हे मी भाडं वाढवायच्या महिन्यातसुद्धा म्हणत असे.

त्यांची मोठी बहीण उलव्याला दिलेली. भाऊ तिला 'बाय' म्हणत. आई लहानपणीच गेली आणि बायनेच त्यांना खांद्यावर घेऊन वाढवलं, हे ते मला वरचेवर सांगत. दोन वर्षांपूर्वी ही बाय अंथरुणाला खिळली. भाऊ दर दोन-चार दिवसांनी उलव्याला जायचे, शहाळी न्यायचे, खाडीतले निवट्या मासे न्यायचे आणि बाहेरच्या खोलीत बसून भाचीकडून हालहवाल ऐकून परत यायचे. बाय आतून हाक मारायची, पण तिचा आवाज खोल गेलेला, आणि भाऊंचे कान कारखान्यातल्या मशीनपुढे उभं राहून कधीच गेलेले. मध्ये एक भिंत, आणि बहीण-भावात एका शब्दाचं बोलणं नाही. बायने हे मनाला लावून घेतलं. भावाने एकदा तरी समोर बसून बोलावं, एवढंच तिचं मागणं होतं.

भाचीने मग व्हिडिओ कॉलचा तोडगा काढला. पण मोबाइल कानाला लावूनही भाऊंना तो आवाज ऐकू येईना. माझ्या टेबलावर मोठे जुने स्पीकर होते, लाकडी डब्याचे, जुन्या कॉम्प्युटरबरोबर आलेले. त्यांच्यावर आवाज लावला की भाऊंना शब्द न् शब्द कळायचा. म्हणून दर रविवारी सकाळी ते माझ्या खुर्चीत येऊन बसू लागले, स्वच्छ शर्ट घालून, केसांना तेल लावून.

ती जोडणी माझीच करामत होती. ऑफिसच्या लॅपटॉपचं हेडफोनचं भोक बिघडलेलं. सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ते डॉकिंग स्टेशन टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, आणि स्पीकरची वायर तिथवर पोचायची नाही. म्हणून मी ती जवळच्या मॉनिटरच्या मागे खोचली होती. लॅपटॉपमधून आवाज डॉकिंग स्टेशनमध्ये, तिथून चित्राबरोबर मॉनिटरमध्ये आणि मॉनिटरमधून स्पीकरमध्ये. इतक्या वळणांनी तो येतो हे भाऊंना ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

सुरुवातीला ते कीबोर्डकडे बघत बोलायचे. बाय काही कमी नव्हती. आवाज खोल असला तरी जीभ तशीच. "उलव्याला येवाला पासपोर्ट लागतो का रे बाला? तोंड वर कर," म्हणायची. भाऊ तोंड वर करायचे आणि डोळे मिटायचे. ते तिला लगेच कळायचं.

तेव्हा त्यांनी शक्कल लढवली. कॅमेरा मॉनिटरच्या डोक्यावर बसवलेला होता. स्क्रीन बंद केला तरी आपला चेहरा तिकडे दिसत राहणार, डोळे उघडे दिसणार, बाय खूश होणार, आणि आपल्याला काळ्या काचेशिवाय काही बघावं लागणार नाही, असा हिशोब. त्या रविवारी मी स्वयंपाकघरात चहा करत होते. भाऊंनी हळूच मॉनिटरखालचं बटण दाबलं.

मॉनिटर बंद, तर स्पीकरही बंद. आवाज आला तो लॅपटॉपच्या पोटातल्या बारक्या स्पीकरवर, आणि तो भाऊंना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. बाय वाक्याच्या मध्येच गप्प झाली, एवढंच त्यांना समजलं.

"पोरी, ये गं. बाय बोलत नाय," ते म्हणाले. मी आले तेव्हा ते उभे होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला लॅपटॉपमधून बायचा बारीक आवाज येत होता, काय झालं, काय झालं, असं ती विचारत होती. मी बटण दाबलं. मॉनिटर लागायला क्षणभर वेळ लागतोच. तेवढा वेळ भाऊ त्या काळ्या काचेवरून नजर हलवत नव्हते. आणि मग बाय दिसली. नाकात नळी, केस कापलेले, गालांची हाडं वर आलेली. भाऊंनी तिला आजारपणात पहिल्यांदा पाहिलं ते असं, ती जिवंत आहे ना हे शोधताना.

"मी हाय, बाला," बाय म्हणाली. भाऊ खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. पण मान त्यांनी वळवली नाही. मी दाराआड जाऊन माझंही रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी लांब वायर आणली. त्यांना समजावलं की स्पीकर आता थेट डॉकिंग स्टेशनला जोडते, म्हणजे स्क्रीन बंद ठेवला तरी आवाज येत राहील. मला वाटलं, त्यांना हायसं वाटेल. त्यांनी ती वायर गुंडाळून माझ्या हातात परत दिली.

"नको," म्हणाले. "हाय तसाच ऱ्हावदे. नायतर मी परत बंद करीन."

त्यानंतर दर रविवारी ते मला बातम्या सांगू लागले. बायने आज टिकली लावली होती. बायचा हात सुजलाय. बाय हसली तेव्हा पुढचा दात दिसला नाही, कधी पडला कोण जाणे. कॉल संपला की थकून जायचे. हिवाळ्यात एका रविवारी ते आलेच नाहीत. भाचीने फोनवर सांगितलं की मामा सकाळीच उलव्याला आले, थेट आत गेले, आणि खुर्ची ओढून आईच्या तोंडासमोर बसलेत. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याकडून कॉल लावला नाही.

बाय गेली त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाऊ चहाला आले. शेवटच्या वेळी तुम्ही तिथेच होतात का, एवढंच मी विचारलं.

"आतच व्हतो," भाऊ म्हणाले. "डोले मीच मिटले तिचे."