एक मैल, एक मीटर

वर बर्फात जाण्याआधी आमची कंपनी अकरा आठवडे मैदानी छावणीत होती. मी कंपनीच्या स्टोअरचा हवालदार. रोज पहाटे साडेपाचला पीटी, आठला हजेरी, त्यानंतर सामानाची मोजणी. कंपनीत गोंदिया जिल्ह्याचे आम्ही दोघेच. मी नागऱ्याजवळचा, नाईक मडावी सालेकसा तालुक्यातला. त्याचे गाव कचारगडच्या पायथ्याशी.

मडावी बटालियनचा सर्वांत वेगवान धावपटू होता. चारशे मीटरच्या ट्रॅकवर चार फेरे त्याने ४ मिनिटे ४१ सेकंदांत काढले होते. फौजेत या सोळाशे मीटरांना सगळे 'मैल' म्हणतात. घड्याळ माझ्याकडे असायचे, रजिस्टरही माझ्याकडेच. मी '१६०० मीटर' लिहिले. खरा मैल १६०९.३४ मीटरचा.

मडावीने रजिस्टर पाहिले. "नऊ मीटरसाठी कायले जीव खाऊन राहिला माहा?"

मी म्हणालो, मैल लिहायचा तर मैल धाव.

"मांड मग तुह्या नऊ मीटरची रेघ. पूरा मैल धावतो, अन् एक्केचाळीसच्या आत."

कंपनी निघायला चार दिवस होते. रविवारी सकाळी साडेसहाची वेळ ठरली. सोबत दुसऱ्या प्लाटूनचे दोन तेज जवान धावणार होते.

आमच्या स्टोअरची टेप जुनी होती. तिचा पहिला मीटर बरोबर खुणेवर तुटून गेला होता. म्हणून टोक धरून मोजायचे आणि आकड्यात एक वाढवायचा, ही दोन वर्षांची सवय. त्या सकाळी मडावीने टोक फिनिशच्या रेघेवर धरले, मी मागे जाऊन ९.३४ साठी १०.३४ वर चुना टाकला.

पहिला फेरा, मागच्या मीटरांसकट, ७१ सेकंद. दुसरा ७१. तिसरा ७१. तिथे दोन्ही जवान मागे पडले. चौथा त्याने एकट्याने ६८ मध्ये काढला. घड्याळ थांबवले तेव्हा ४:४१.०८ होते.

तो गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. मी आकडा सांगितला.

"आठ शतांश," तो म्हणाला. "खाली आलो की तोडतो. रेघ पुसू नको."

वर पोहोचल्यावर सातव्या आठवड्यात त्याची सहा जणांची गस्त सकाळी ७.१० ला निघाली. ९.४० ला रेडिओ बोलला.

"स्लाईड आला. पाच ओके. वन मिसिंग. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"नाईक मडावी. ओव्हर."

हिमकडा कोसळला तेव्हा तो सर्वांत पुढे चालत होता. आम्ही पन्नास तास खणले. तिसऱ्या दिवशी ११.५० ला सापडला.

खाली आल्यावर स्टोअरची वार्षिक तपासणी झाली. बाद सामानाच्या पेटीत तुटकी टेप निघाली. तिला बांधलेल्या 'बाद, बदल्यात नवी दिली' या चिठ्ठीवर सही माझी होती, तारीख त्या रविवारच्या आदल्या दिवसाची. म्हणजे रविवारी हातात नवी, पूर्ण टेप होती आणि मी सवयीने एक मीटर वाढवला होता. त्याच्या वेगाने एका मीटरला सुमारे सतरा शतांश लागतात. वजाबाकी केली तर उत्तर ४:४०.९१ येते. एक्केचाळीसच्या आत. टोक त्यानेच धरले होते, पण आकडा मी वाचला होता.

रजिस्टरमध्ये मी काही बदलले नाही. हिशोबाने काढलेली वेळ म्हणजे धावलेली वेळ नव्हे.

निवृत्तीनंतर पहिल्या माघात कचारगडच्या जत्रेला गेलो, तिथून त्याच्या घरी. त्यांच्या समाजात वारलेल्या माणसाच्या नावाने दगड उभा करतात. त्याचे थोरले भाऊ जंगलकामावर जातात. त्यांनी विचारले, दगडावर भावाचा मैल लिहायचा आहे, आकडा किती? मी टेपसकट सगळे सांगितले. चूक माझी, हेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "हवालदार, तुमी एक मीटर जास्त धाववला त्याले."

"हो दादा."

"अन् तो धावला."

"धावला."

"मंग तेच लिवतो."

पुढच्या माघात पुन्हा गेलो. दगड गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली आहे. त्यावर नाव, हुद्दा आणि खाली एक ओळ: १ मैल १ मीटर, ४ मिनिटे ४१.०८ सेकंद.

मी आकडे दोनदा वाचले. बरोबर आहेत.