आमचं वंशपरंपरागत दही

माझ्या मुलाने जन्मात कधी दही लावलं नाही. चहासुद्धा त्याला हातात लागतो. पण घरच्या विरजणाचा इतिहास सांगायचा असला की शाहिरासारखा उभा राहतो. "माझ्या आजीने वेंगुर्ल्याहून पितळेच्या डब्यातून आणलेलं विरजण. आजवर एकदाही तुटलं नाही!" पाहुण्यांना सांगायचा, सोसायटीच्या पूजेला सांगायचा. गेल्या वर्षी स्वतःच्या मुलीला सांगितलं आणि वाट लागली.

नात जंतूंवर डॉक्टरेट करते. मी चौथी शिकलेली, तरी विषय मलाच समजावते, कारण आमच्या मरोळच्या घरात ऐकून घ्यायला मीच रिकामी असते.

"आजी, अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या विटा. बरेचसे जंतू आपल्या विटा स्वतः बनवतात. एकेक वीट बनवायला एन्झाइमांची रांग लागते. कामगारच समज. दह्यातल्या जंतूंना दुधात विटा आयत्या मिळाल्या, मग पिढ्यान् पिढ्या त्यांचे कामगार कमी होत गेले."

"तुझ्या आजोबांना गिरणीतून काढलं तसे?"

"तसेच. पण खुणा राहतात. बिघडलेली जनुकं, बंद गिरणीच्या धुराड्यासारखी नुसती उभी."

हे मला पटलं. आयतं मिळालं की हातचं काम जातं, हे बघायला मला सूक्ष्मदर्शक लागत नाही. मुलगा समोर सोफ्यावरच बसला होता.

तिला बघायचं होतं की वर्षानुवर्षं एकाच घरात दुधावर पोसलेल्या जंतूंचे कामगार दुकानातल्या दह्यापेक्षा जास्त गेलेत का. एका बाजूला आमचं विरजण, दुसऱ्या बाजूला खालच्या डेअरीतलं दही. ती विरजण न्यायला निघाली तेव्हा मुलाने आईस्क्रीमच्या जुन्या डब्यातलं दही काढून पितळेच्या वाटीत घातलं आणि फोटो काढला. मी म्हटलं, "अरे, ते तसं नाहीये."

"आई, तू गप्प बस ना. यातलं तुला काय कळतंय?"

बसले गप्प. सुनेला तर तेव्हाच भांडी घासायची आठवण झाली.

काही महिन्यांनी नात घरी आली ती डोळे सुजवून. दोन्ही दह्यांतले जंतू हुबेहूब एक निघाले होते. "जनुकांत एक अक्षर वेगळं नाही, आजी! माझ्या गाईड मॅडम म्हणतात, तू नळ्यांची अदलाबदल केलीस. इतक्या गलथान हाताची मुलगी मला नको म्हणाल्या. सोमवारी ठरवणार आहेत, ठेवायचं की काढायचं."

"त्यांचं मशीन बिघडलं असेल," मुलगा म्हणाला. "त्यांना सांग, आमचं दही..."

"तुमचं दही खालच्या डेअरीतलं आहे," मी म्हटलं.

टीव्ही बंद झाला. मग मी सगळं सांगितलं. सासूबाईंनी विरजण आणलं ते खरं, पण ते पहिल्याच मे महिन्यात गेलं. दर मे महिन्यात आम्ही गावी, खोलीला कुलूप. परत आलं की शेजारणीकडून चमचाभर आणायचं. शेजारीण गावाहून आली की ती माझ्याकडून न्यायची. कोणाचं कोणाकडे गेलं, देव जाणे. आणि नात विरजण न्यायच्या आधीच्या ग्रहणात सुनेने शिजलेलं सगळं टाकलं, त्यात दहीही टाकलं. मी म्हटलं तुळशीचं पान ठेव, तर तिच्या माहेरी टाकतात म्हणे. ग्रहण सुटल्यावर आंघोळ करून ती खाली गेली आणि डेअरीतून पाव किलो दही घेऊन आली. त्याचंच हे विरजण.

"आई, सांगितलंत ना शेवटी!" सून म्हणाली.

नात आधी हसली, मग रडली. "म्हणजे माझ्या नळ्या बरोबर होत्या!"

"आणि हे तू मॅडमना सांगणार?" मुलगा उभाच राहिला. "अगं, मी स्वतः त्यांना फोनवर सांगितलंय. वेंगुर्ला, पितळेचा डबा, सगळं. माझी काय इज्जत राहील?"

"तुझी गेली तर एक गोष्ट जाईल," मी म्हटलं. "तिची गेली तर शिक्षण जाईल. बोल."

तो परत सोफ्यावर बसला. नातीला भीती, आता सांगितलं तर मॅडमना बनाव वाटेल. मग मीच म्हटलं, लाव फोन. मॅडमना मे महिन्यापासून ग्रहणापर्यंत सगळं ऐकवलं. मग बाई जी हसत सुटली! हसून झाल्यावर म्हणाली, "आजी, विरजणाची चौकशी आम्ही आधी करायला हवी होती. आणि खरं सांगू? एका घराची पन्नास वर्षं म्हणजे काहीच नाही. दह्यातल्या जंतूंचे कामगार जायला हजारो वर्षं लागली असतील." हे मुलालाही ऐकू जावं म्हणून मी फोन त्याच्या कानाशी नेला.

नातीची जागा राहिली. वर्षाचं काम मात्र मोरीत गेलं. आता ती प्रयोगशाळेत स्वतः जंतू वाढवते आणि रोज सकाळी स्वतःच्या हाताने त्यांना नव्या अन्नात घालते. दिवाळीलाही गेली. परवा पुन्हा ग्रहण होतं. सून म्हणाली, "आज तरी राहू दे गं." नात चपला घालून निघून गेली.

संध्याकाळी मी विचारलं, "खायला काय घालतेस त्यांना?"

"सगळं. फक्त एक अमिनो आम्ल सोडून. एखाद्याचं मोडकं जनुक दुरुस्त होतं का, की दुसराच कामगार ते काम उचलतो, ते बघायचंय."

"आणि कोणीच उचललं नाही तर?"

"तर मरतील. जो तरेल तो माझा."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "आई, चहा!"

मी उठत होते. नातीने माझा हात धरून खाली बसवलं. "थांब गं. बघूया."

हाक आणखी दोनदा आली. मग स्वयंपाकघरात भांडं पडलं आणि मुलाने ओरडून विचारलं, "साखर कुठे असते?"

आम्ही दोघी गप्पच बसलो.