धोंडिबांचा बिंडा

पाण्यात उतरण्यापूर्वी धोंडिबा लाकडाला कान लावत. पांगाऱ्याचा वाळका ओंडका हातावर तोलायचा, बोटाने दोनदा वाजवायचा, कानाशी न्यायचा आणि मगच शिकाऊ माणसाच्या पाठीला दोरीने बांधायचा. या तरंगत्या ओंडक्याला पिंपरीकडे बिंडा म्हणत. "वलं लाकूड मुकं असतंय," ते सांगत. "वाळलेलं बोलतंय."

मी त्यांच्याकडे गेलो तो गरजेपोटी. पन्नास सालानंतरची ती वर्षे. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि मी तिथे भांडारात कारकून होतो. पवनेकाठच्या पंपघरावर मला बढती मिळाली, पण अट होती: महिन्याभरात साहेबांसमोर नदी पोहून दाखवायची. नाहीतर जागा दुसऱ्याला. त्या जागेबरोबर राहायला खोली मिळणार होती, आणि खोली मिळाली तरच कऱ्हाडहून बायकोला आणि मुलीला आणता येणार होते.

सवयीप्रमाणे मी यादी केली. पोहायला शिकवणारे तिघे. सामान कसे, स्वतः पाण्यात उतरतात का, शिकलेली माणसे काय सांगतात. चिंचवडच्या घाटावरच्या पैलवानांकडे रंगवलेले पत्र्याचे डबे होते, पण ते काठावरूनच ओरडत. देहूरोडच्या निवृत्त हवालदारांकडे मोटारीची रबरी ट्यूब होती, तिला चार ठिगळे. धोंडिबांच्या विहिरीवर गेलो तेव्हा ते एका पोक्त मास्तरांना पोटाखाली हात देऊन पाण्यात फिरवत होते. मी वही उघडली.

"वही काठावर ठिवा, राव," ते खालून म्हणाले. "पाण्याला वाचता येत न्हाई."

मी त्यांचेच नाव पक्के केले.

पहिल्या दिवशी बिंडा मोजून टिपून ठेवला होता: दीड हात. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजला, तर जेमतेम एक हात भरला. मला वाटले, लाकूड झिजते आहे. भांडारातला माणूस झिजलेली वस्तू बदलून टाकतो. चाकणच्या बाजारातून मी कोरा, दोन हात लांबीचा बिंडा आणला आणि मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला.

धोंडिबांनी तो वाजवला, कानाशी नेला. "झ्याक हाय." मग विहिरीच्या देवळीतून त्यांनी एक छोटी करवत काढली. "तुमी घरला गेलात की मी जुन्याची एक चकती उतरवतो. समद्यांचीच उतरवतो."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर आला असता व्हय दुसऱ्या दिवशी?"

मी नव्या बिंड्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "नवा बांधायचा तर बांधा. पर मग पहिल्या दिसापासनं."

पहिल्या दिवसापासून शिकायला वेळ नव्हता. मी नवा बिंडा बाजूला सरकवला आणि विचारले, "उद्या किती उतरवायचा?"

त्यांनी करवत माझ्या हातात दिली. "आता तुमीच ठरवा. मोजमाप तुमास्नी येतंय."

तेव्हापासून मीच कापू लागलो. एके दिवशी जाड चकती, एके दिवशी पातळ. नाकातोंडात पाणी गेले त्या दिवशी काहीच कापले नाही. धोंडिबांनी एवढेच विचारले, "करवत रुसली का आज?"

परीक्षेच्या सकाळी पाठीवर नारळाएवढा तुकडा उरला होता. साहेब होडीत बसले. काठावर मी दोरी सोडली आणि तो तुकडा धोंडिबांच्या हातात दिला.  त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या; तेवढ्या मी पूर्वी कधी पाहिल्या नव्हत्या.

म्हशीसारखा धापा टाकत मी पार झालो. पलीकडून हाक आली, "वही कोरडी हाय, राव! हितंच हाय!"

खोली मिळाली. माणसे आली. पुढे मुलगीही त्याच विहिरीत शिकली. एका हिवाळ्यात धोंडिबा तापाने गेले; त्याआधीच्या उन्हाळ्यापर्यंत ते पाण्यात उतरत होते.

कोरा बिंडा माझ्या माळ्यावर आहे. दर दिवाळीला मी टाकायच्या वस्तूंची यादी करतो, तिच्यात पहिली ओळ त्याची असते. मी तो खाली काढतो, बोटाने दोनदा वाजवतो, कानाशी नेतो. मग परत वर ठेवतो आणि यादीतली पहिली ओळ खोडतो.