बिनफवारणीची ओळ

लातूर जिल्हा नवाच झाला होता, आणि पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहून गेल्यासारखा. त्यात आमच्या मोसंबीच्या बागेवर लाल कोळी पडला. टाचणीच्या टोकाएवढा जीव, धड दिसतसुद्धा नाही, पण रस शोषून पान पार पांढुरकं करून टाकतो. धूळ आणि ऊन दोन्ही भरपूर, मग काय, त्याची नुसती चंगळ! सासरे म्हणाले, पोळ्याच्या आधी बाग तोडायची, विहिरीत उरलंय तेवढं पाणी बैलांना ठेवायचं. त्या बागेतली विहिरीजवळची ओळ मी लग्न होऊन आले त्या साली माझ्या हातानं लावलेली. मी घरात भांडी आपटायला सुरुवात केली.

धाकटे दीर नव्या जिल्ह्याच्या शेतकी कचेरीत लागले होते. ते तीन औषधं, म्हणजे गंधक, निंबोळीचा अर्क आणि एक बाटलीतलं औषध, आणि एक भिंग घेऊन आले. म्हणाले, तीन ओळींवर तीन औषधं मारू, चौथी तशीच ठेवू. नाहीतर गुण औषधाचा की हवेचा, कळणार कसं? तशीच कोणती ठेवायची, यावर अशी जुंपली की विचारू नका. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. निघाली नेमकी माझी ओळ.

मी म्हटलं, चिठ्ठ्या परत टाका. दीर ऐकेनात. "वहिनी, घरची म्हणून तुमच्यासाठी चिठ्ठी बदलली, तर मामला खोटा पडंल. बाबा मानतील का?"

लई राग आला, पण बोलणं खरं होतं.

ऊन चढायच्या आत विहिरीच्या तळाचं गढूळ पाणी फडक्यातून गाळून घेतलं, पंप पाठीला अडकवला आणि गंधकाची ओळ मीच मारली. सासूबाई पदराआड हसत होत्या. हसू देत! मग मला भिंगाचा नादच लागला. पान उलटं करून बघितलं तर अगं बाई, मुखेडचा बाजार भरल्यासारखे लाल ठिपके पळत होते. आणि एका सकाळी गंधकाच्या ओळीत ठिपके होते तिथंच, पण एकही हलेना. मी ओरडतच घराकडं पळाले, एक चप्पल बांधावर राहिली. निंबोळीच्या ओळीत थोडा गुण होता, बाटलीतल्या औषधानं काहीच न्हाई. माझी ओळ मात्र रोज झडत होती. नाचावं का रडावं, कळेना.

पोळा तोंडावर आला तसे सासरे कुऱ्हाड घेऊन बागेत आले. एका बाजूला गंधकाची ओळ, तिला कोवळी पालवी फुटलेली. दुसऱ्या बाजूला माझी, नुसत्या काड्या. ते मधे उभे राहिले.

"हिला काहीच मारलं न्हाई?"

"न्हाई, मामा."

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली. उभ्या जन्मात पंपाला हात न लावलेला माणूस, पट्टे खांद्यावर चढवायला लागला.

"गंधक भिजव. हिला म्या मारतो."

मी बांधावर बसले आणि मोठ्यानं रडले.

"रडती कशाला," ते म्हणाले, "पाणी आण."