रिकाम्या गाडीचं वजन

साल १९९४. मी तेव्हा सहासष्ट वर्षांचा होतो, आणि भूत-पितर-सावल्या असल्या गोष्टींना मी आयुष्यात कधी भाव दिलेला नव्हता. चक्रतीर्थाच्या मसणाशेजारी एकट्यानं पंक्चर काढलेला माणूस आहे मी. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तेव्हा हे वाचून कोणी म्हणणार असेल की म्हातारा भ्याला, तर त्यानं उज्जैनला येऊन माझ्या तोंडावर म्हणावं. शाळा तिसरीपर्यंत. शुद्धलेखनाचं मासिकवाल्यांनी बघून घ्यावं... पण मजकूर बदलू नये. जसं झालं तसं लिहितोय.

आम्ही इथले जुने मराठी. पणजोबा सरकारच्या पागेत होते, घोडे बघायचे. घोडे गेले, मोटारी आल्या, तसे आबा — माझे वडील — मोटारीवर आले. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, त्यातली एक आबांनी घरी आणली. कॅरीऑल म्हणतात तिला. हल्ली जीप-जीप करतात तसली नव्हे. ट्रकचा सांगाडा, वर बंद लोखंडी टप, आत बाकांसारख्या तीन रांगा, मागे दोन पाकळ्यांचं दार. अख्खं घर मावायचं, वर लोणच्याच्या बरण्या. लग्नं, मुंजी, ओंकारेश्वर, बाळंतिणीला माहेरी पोचवणं — सगळं तिच्यात. मी विशीत तिच्यावरच हात बसवला. आबा गेले, आई गेली, थोरली वहिनी गेली... गाडी राहिली. पेट्रोल परवडेना म्हणून मी डिझेल इंजिन बसवलं, एवढाच बदल. नानाखेड्याला घर बांधलं तेव्हा आधी गाडीची टीनाची शेड उभी केली, मग स्वयंपाकघर. बायको वर्षभर बोलत होती त्यावरून.

त्या वर्षांत रस्त्यावर रोज नवी गाडी दिसायला लागली होती. चिमण्यांएवढ्या. आणि गंमत बघा, नव्या गाड्या आल्या तशी इंदूरच्या पैसेवाल्यांना जुन्या गाड्यांची हौस आली. पोट भरलं की माणूस चुलीचा फोटो काढतो, तसलं काहीतरी. त्यातला एक भंडारी. कपड्याचा व्यापारी, चाळिशीचा, गळ्यात कॅमेरा. दर रविवारी यायचा, बॉनेटवरून हात फिरवायचा, खाली वाकून बघायचा. एकदा अमेरिकेचं मासिक घेऊन आला.

"दादा, ये देखो. वहाँ पूरा खानदान इसमें पिकनिक जाता था."

"हमारा खानदान इसमें पिंडदान को जाता था," मी म्हटलं. "पिकनिक का बाप."

"बेच दो ना दादा. रानी बना के रखूँगा."

"पहले तू अपनी दुकान बेच, फिर बात कर."

तो हसायचा. डिझेल इंजिन बघून मात्र दर वेळी त्याचा चेहरा सुतकी व्हायचा. माणूस वाईट नव्हता. खरं सांगायचं तर त्याच्याशिवाय त्या गाडीबद्दल माझ्याशी कोणी बोलतही नव्हतं.

आता मुद्द्याचं. सर्वपित्री अमावास्येला आमच्याकडे रीत अशी — सकाळी राम घाटावर तर्पण, आणि दुपारी घरी पितरांच्या नावानं पानं वाढायची. त्या वर्षी घाटावर पंडा म्हणाला, पितरांना घरी येण्याचं आवतण द्या. मी म्हटलं, "पंडाजी, आमचे पितर पायी यायचे नाहीत. गाडी उभी आहे." आणि खरंच वर रस्त्यावर जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं, मोठ्यानं म्हटलं — आबा, आई, वहिनी, बसा, जेवायला चला. लोक हसले. मीही हसलो. पण थट्टा नव्हती ती. आबांना पायी चालवत नेलं असतं का मी? आजही मी त्यात काही चूक केली असं मानत नाही.

घरी पानं वाढली. कमळ — माझी बायको — खिरीचं भांडं घेऊन आली आणि दारातच बसली. पोट धरून. खीर सगळीकडे. तिला उचलून त्याच गाडीतून इंदूरला नेलं. पोटात गाठ निघाली, मोठी. डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला, तोवर घरी न्या म्हणाले. आणि मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाले, "आजोबा, उघडून बघतो. पण फार उशीर झालाय. टेबलावरही काही होऊ शकतं." मी म्हटलं, उघडा. प्रयत्न न करता हार मानणाऱ्यातला मी नाही.

कमळ मानणाऱ्यातली होती. "अहो, मला कापू नका. घरी राहू द्या," एवढंच तिचं पालुपद. मी ऐकलं नाही. मुलगा अशोक, बँकेत आहे, तोही माझ्याच बाजूचा.

पुढच्या रविवारी भंडारी आला. खाली वाकला आणि तसाच राहिला.

"दादा, अंदर क्या भरा है?"

"तेरा सिर. खाली है."

"खाली है तो इतनी बैठी क्यों है?"

मी गेलो बघायला. गाडीच्या मागच्या धुरीवर, म्हणजे अ‍ॅक्सलवर, सांगाड्याला रबराचा ठोकळा असतो, कमानी — पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा — जास्त लवल्या तर त्यावर आपटायला. आबांनी मला शिकवलेलं — धुरी आणि रबराच्या मध्ये मूठ बसली तर गाडी रिकामी, दोन बोटं बसली तर घर भरलं. मी हात घातला. दोन बोटं. तिसरं जाईना.

आत काही नव्हतं. स्टेपनी नाही, टायर बदलायचा जॅकसुद्धा नाही. मी म्हटलं कमानीचं पान तुटलं असेल. भंडारी आणि मी दोघांनी एकेक पान हातानं चाचपलं. सगळी धड. यू-बोल्ट घट्ट. पुढची डावी बाजूही लवलेली — ड्रायव्हरशेजारची. तिथं आबा बसायचे. भंडारीला ते माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. तो म्हणाला, पुराना लोहा है, थक गया. असेल, म्हटलं.

घरात येऊन कमळला सांगितलं, हसण्यावारी. ती हसली नाही. उशीला टेकून बसली होती.

"आवतण देऊन आणलंत. पानं वाढली. निरोप कुणी दिला?"

खरंच कोणी दिला नव्हता. त्या गडबडीत पानांवरचं कावळ्यालासुद्धा घातलं नाही, शेजारणीनं उचलून टाकलं होतं.

"बसून आहेत बिचारे," ती म्हणाली. "आणलंत तुम्ही, आता पोचवाही तुम्हीच. का मला न्यायला थांबलेत, विचारा."

"काहीतरीच बोलू नकोस."

"बरं, नाही बोलत. पण विचारा."

मी रोज शेडमध्ये जाऊन हात घालायचो. रोज दोन बोटं. मानत नव्हतो, पण हात घालायचो.

ऑपरेशनसाठी न्यायचा दिवस आला. दुपारी निघायचं ठरलं. सकाळी मी अशोकला म्हटलं, डिझेल भरून येतो, आणि गाडी काढली ती सरळ राम घाटाकडे. गाडी भरलेली होती. हे मी ड्रायव्हर म्हणून सांगतो, भक्त म्हणून नाही. रिकामी कॅरीऑल खड्ड्यात उडते, दात वाजवते. ही बसून चालली. चढावर तिसऱ्या गिअरात ओढेना, ब्रेक उशिरा धरला. आरशात मागच्या सीटा दिसत होत्या, रिकाम्या, ऊन पडलेलं त्यांच्यावर.

घाटाच्या वर जिथपर्यंत गाडी जाते तिथं उभी केली. उतरलो, मागच्या दाराच्या दोन्ही पाकळ्या उघडल्या, पुढचं डावं दार उघडलं. शेजारी फुलं विकणारी बाई बसली होती. दिवसाढवळ्या, गर्दीत, म्हातारा रिकाम्या गाडीशी बोलणार... लाज वाटली. पण म्हटलं.

"आबा, घाट आला. उतरा. आई, वहिनी, उतरा. माझ्याकडून निरोप द्यायचा राहिला, तेवढं मनावर घेऊ नका."

"बाबूजी, किससे बात कर रहे हो?" फुलवाली म्हणाली.

"घरवालों से."

आणि गाडी हलली. आधी पुढची डावी बाजू उठली, एकदम — आबा कधी कोणासाठी थांबायचे नाहीत. मग मागची, सावकाश, करकर करत, जशा बायका एकमेकींचा हात धरून उतरतात. फुलवाली उठून उभी राहिली. "गाड़ी को क्या हुआ?" म्हणाली. म्हणजे मला एकट्यालाच दिसलं असं नाही. मी खाली वाकून हात घातला. मूठ बसली. मोकळी.

मी कोणाला हात जोडत नाही. त्या दिवशी नदीकडे तोंड करून जोडले. म्हटलं, तिला राहू द्या माझ्याकडे.

येताना गाडी फुलासारखी आली. प्रत्येक खड्ड्यात उडत होती आणि मी हसत होतो. मला वाटलं, झालं काम. पोचवलं सगळ्यांना, आता ऑपरेशनही होणार, ती वापसही येणार. इतका मूर्ख मी त्याआधी नव्हतो, नंतरही नाही.

दुपारी गाडी दारात लावली. आधी अशोक पिशव्या घेऊन चढला. गाडी डुलली, कमान करकरली — तिची सवयच आहे, मांजर चढलं तरी आवाज करते. अशोक उतरला, पुन्हा डुलली. मग कमळ आली. मी हात धरला होता. तिनं पायरीवर पाय ठेवला, आत गेली, मधल्या सीटवर बसली.

गाडी हलली नाही.

करकर नाही, डोलणं नाही, काही नाही. ती सीटवर पदर सावरून बसली होती, माझ्याकडे बघत होती, आणि गाडीला ती कळलीच नव्हती. वाळली होती, मान्य, पण हाडामांसाची बाई होती हो. मी तिला खाली यायला सांगितलं, पुन्हा चढायला सांगितलं. अशोक ओरडला, "बाबा, काय चालवलंय! ती आजारी आहे!" दुसऱ्यांदाही तेच. चढली, बसली, गाडी दगडासारखी गप्प.

मी दाराला धरून उभा राहिलो. पितरांचं वजन घेणारी गाडी हिचं घ्यायला तयार नाही, म्हणजे हिला न्यायचंच नाही, असं मी धरलं. मग म्हटलं, "उतर. जायचं नाही."

"खरंच?" ती म्हणाली.

"खरंच."

कित्येक दिवसांत तिला इतक्या चटकन उतरताना पाहिलं नव्हतं.

अशोकनं आकांत केला. डॉक्टरांनी वेळ दिलाय, तुम्ही वेडे झालात, तुमच्या हट्टापायी आईला माराल. जे बघितलं ते मलाच पटत नव्हतं. नंतर मिस्त्रीकडून कमानी उतरवून बघितल्या, काही निघालं नाही. भंडारी म्हणतो थकलेलं लोखंड, पण थकलेलं लोखंड घाटावर जाऊन ताजंतवानं होतं का? आणि माणूस बसला तर वजन जातं कुठे? विचारलं मी शिकलेल्यांना, बिनशिकलेल्यांना. एकानंही सरळ उत्तर दिलं नाही. मीही देऊ शकत नाही. कमळ त्यानंतर किती दिवस होती, ते मी सांगणार नाही, तो आमचा दोघांचा हिशेब आहे. फार नव्हती, एवढं समजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन शेडमध्ये गेलो. खाटेवर तिला सरळ पडवत नव्हतं, पाठ दुखायची, आणि गाडीच्या मधल्या सीटवर इंदूरहून येताना तिला झोप लागली होती. आबांच्या वेळेचे बोल्ट, गंजलेले, रॉकेल ओतून ओतून सोडवले. दोन तुटले. भंडारी बघता तर रडला असता. सीट काढली, घरात तिच्या खिडकीशी न्यायची होती, एकट्यानं उचलेना. अशोक माझ्याशी बोलत नव्हता. पण आला, आणि दुसरं टोक त्यानं धरलं.